चेतक आणि त्याचे स्वार

शेलूच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहत उभे राहिले की एका अंगाला माथेरानचा डोंगर दिसतो आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदीकाठची भाताची खाचरे. पाऊस सरून आकाश निवळले म्हणजे कधीमधी या दोहोंच्या मधून, रुळांच्या रेषेने, एखादे लहानसे हेलिकॉप्टर घाटाकडे जाते. खाली डोळ्यांनी पाहून वाट काढणाऱ्या वैमानिकाला रूळ म्हणजे आयती पायवाट. २०१८ सालच्या दिवाळीच्या जरा आधी असेच एक गेले. फलाटावरची सारी माणसे माना वर करून पाहू लागली. जवळच सहावीतला एक मुलगा उभा होता, आमच्या आळीतलाच. त्याने विचारले, "सर, हे कुठलं?"

मी म्हटले, "चेतक असावं."

"चेतक म्हणजे राणा प्रतापचा घोडा ना?"

"हो. त्याचंच नाव दिलंय याला."

"मग याच्यावर कोण बसलंय?"

आता पाहा, मी इतिहासाचा प्राध्यापक. १५७६ सालच्या हळदीघाटीच्या लढाईवर मला विचाराल तर तासभर बोलेन. त्या घोड्याची समाधी कुठे दाखवतात तेही सांगेन. पण माझ्या डोक्यावरून, माझ्या हयातीत, माझ्या गावावरून जाणाऱ्या या दुसऱ्या चेतकावर कोण बसले आहे, आजवर कोण कोण बसले, त्यांनी काय केले, हे मला सांगता येईना. लोकल आली म्हणून सुटलो, एवढेच. पण प्रश्न सुटला नाही. आजचे हे भाषण त्या मुलाच्या प्रश्नाचे, जरा उशिरा दिलेले, उत्तर आहे.

आधी घोड्याविषयी बोलू, मग स्वाराविषयी.

हा चेतक जन्माने फ्रेंच. तिकडे त्याचे नाव अलूएट, म्हणजे आपला चंडोल पक्षी. चंडोल जमिनीवरून सरळ वर चढत जातो आणि गात राहतो, हे आपल्या माळावर फिरणाऱ्याला सांगायला नको. या घराण्यातले दुसरे अलूएट १९५५ साली उडाले आणि तिसरे, म्हणजे आपले चेतक, २८ फेब्रुवारी १९५९ रोजी. त्याआधीच्या हेलिकॉप्टरांत मोटारगाडीसारखे पिस्टनचे इंजिन असे. ते जड, आणि उंचावर हवा विरळ झाली की त्याला धाप लागे. अलूएटमध्ये आले टर्बाइन इंजिन, त्याचे नाव आर्तूस्त. टर्बाइनवर चालणारी हेलिकॉप्टरे कारखान्यातून रीतसर तयार होऊ लागली ती या घराण्यापासून.

यातली खरी गंमत आमच्या कर्जतच्या लोकांना पटकन कळेल. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून तिला जादा इंजिने लागतात, आणि ती ढकलत ढकलत गाडीला बोरघाट चढवतात. सपाटीवर त्यांची गरज नसते, घाटात असते. चेतकाच्या इंजिनाचे तसेच आहे. त्याची मूळ ताकद सुमारे ८७० अश्वशक्ती, पण त्याच्याकडून काम घ्यायचे फक्त ५७० चे. उरलेली ताकद मुद्दाम राखीव ठेवलेली. वर डोंगरात हवा विरळ झाली, इंजिन मूळच्या ताकदीला उतरू लागले, तरी ५७० मात्र मिळत राहते. घाटाचे जादा इंजिन त्याने पोटातच बाळगले आहे म्हणा ना!

बाकी यंत्र साधे. वर तीन पाती, त्यांच्या फिरण्याचा व्यास ११ मीटर. वैमानिक धरून सात माणसे बसावीत एवढी जागा. रिकाम्या यंत्राचे वजन सव्वा टनाहून कमी. पाती एका दिशेने फिरली की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते, ते धरून ठेवायला शेपटीवर छोटा पंखा. वैमानिकाच्या डाव्या हातात एक दांडा असतो, तो वर ओढला की यंत्र वर चढते. उजव्या हातात दुसरा, तो ज्या बाजूला कलवावा तिकडे यंत्र जाते. दोन्ही पायांखाली शेपटीच्या पंख्याच्या पट्ट्या. चिखलात नांगराची मूठ एका हाताने दाबायची, दुसऱ्याने कासरा सांभाळायचा आणि तोंडाने बैलांशी बोलायचे, असे ज्याने केले आहे त्याला कल्पना येईल की इथे चारही हातपाय एकाच वेळी, आणि तेही एकमेकांशी जमवून, चालवावे लागतात. एक जरी हलवला तरी बाकीचे तीन हलवावे लागतात. म्हणून म्हणतो, हे यंत्र स्वारावाचून नुसता पत्रा आहे.

१९६० च्या जूनमध्ये सात माणसांसह हे यंत्र युरोपातल्या माँ ब्लाँ शिखरावर, ४,८१० मीटरांवर उतरले आणि उठले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते आपल्या हिमालयात ६,००४ मीटरांवर उतरवून दाखवले. कळसूबाई १,६४६ मीटर. तेव्हा एकावर एक साडेतीनहून जरा अधिक कळसूबाई रचल्या तर ती उंची येते. भारताच्या उत्तर सीमेवर जे हवे होते ते नेमके हेच. जून १९६२ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, ते इथे बांधण्याचा करार केला, आणि ११ जून १९६५ रोजी आपल्याकडे जुळवलेले पहिले चेतक उडाले. पुढे तीनशेहून अधिक बांधली गेली. मग १९६८ मध्ये भारतानेच आणखी उंच जाणारे, आणखी हलके यंत्र मागितले. त्यातून दुसऱ्या अलूएटचे अंग आणि तिसऱ्याचा दम एकत्र करून मार्च १९६९ मध्ये नवे यंत्र उडाले. तेच आपले चीता. म्हणजे जन्माने फ्रेंच असले तरी ते आपल्या हिमालयाच्या मापाने बेतलेले.

या चीताच्याच जातीच्या यंत्रावर झाँ बूले नावाचा फ्रेंच वैमानिक २१ जून १९७२ रोजी १२,४४२ मीटरांपर्यंत चढला. एव्हरेस्टपेक्षाही साडेतीन हजार मीटर वर! तिथल्या थंडीत इंजिन विझले आणि पुन्हा पेटेना. तेव्हा त्याने काय केले? माधवीच्या वेलाचे तीन पंखांचे फळ पाहिले असेल, ते झाडावरून सुटले की धोंड्यासारखे पडत नाही, गरगर फिरत, हवेला रेटत खाली येते. खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत ठेवून बूले तसाच, बंद इंजिनाने, जमिनीपर्यंत उतरला. हे आपल्याला तारखेसह आणि मीटरासह ठाऊक आहे, कारण उच्चांकाची नोंद करायला माणसे बसवलेली होती. नोंद झाली म्हणून इतिहास झाला. आता आपल्याकडे वळू.

आपल्याकडच्या काही उड्डाणांचीही अशी नोंद झाली आहे. ६ ऑक्टोबर १९७८ रोजी सियाचेनच्या हिमनदीवर पहिले चीता उतरले. त्यात स्क्वाड्रन लीडर मोंगा आणि फ्लाइंग ऑफिसर मनमोहन बहादुर होते. हे आपण आज नावानिशी सांगू शकतो त्याचे एक कारण असे की बहादुर पुढे एअर व्हाइस मार्शल झाले आणि त्यांनी स्वतः लेखणी हातात घेतली. साडेपाच वर्षांनी, १३ एप्रिल १९८४ रोजी, याच चीतांनी बिलाफोंड खिंडीशी आपले सैनिक नेऊन उतरवले आणि सियाचेनची मोहीम सुरू झाली. एका खेपेला मोजकीच माणसे जात, म्हणून पुन्हा पुन्हा फेऱ्या कराव्या लागल्या.

दुसरी गोष्ट बांगलादेशची. १९७१ मध्ये तिथल्या मुक्तियोद्ध्यांचे चिमुकले हवाई दल नागालँडात दिमापूरला उभे राहिले. त्यात एक अलूएट होते, त्यावर चौदा अग्निबाण आणि मशिनगन बसवलेली. ३ डिसेंबरच्या रात्री सुलतान महमूद आणि बद्रुल आलम यांनी ते झाडांच्या शेंड्यांवरून नेऊन नारायणगंजजवळचे तेलाचे साठे पेटवले. सुलतान महमूद पुढे त्या देशाच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांचे नाव राहिले. ज्याला मोठे पद मिळते किंवा ज्याला लिहिता येते, त्याचे नाव राहते. बाकीच्यांचे काय?

या ठिकाणी मला एका माणसाविषयी बोलायचे आहे. त्यांचे नाव मी सांगणार नाही, कारण ते आता नाहीत आणि त्यांना विचारून घेतलेले नाही. आमच्या इथून नदी ओलांडून गेले की एक वाडी लागते, तिथले ते. साठच्या दशकाच्या अखेरीस नौदलात भरती झाले, विमानांच्या दुरुस्तीचे काम शिकले, आणि नोकरीची बरीच वर्षे चेतकांच्या सोबतीने काढली. निवृत्त होऊन घरी आले, भातशेती केली. गावात त्यांना सगळे "नेवीवाले काका" म्हणत, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हते. मलाही नव्हते! पंधरा वर्षे मी त्या रस्त्याने जात होतो.

फलाटावरच्या त्या प्रश्नानंतर, दिवाळीच्या सुट्टीत, मी त्यांच्याकडे गेलो. ओटीवर बसलो. काकूंनी चहा दिला. मी विचारले, "काका, चेतकावर होता म्हणे तुम्ही?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, चेतकावर पायलट. आम्ही चेतकाखाली."

मग ते बोलू लागले. विक्रांत या विमानवाहू जहाजावर त्यांनी काही काळ काढला होता. तिथले चेतकाचे काम त्यांनी मला हाताने दाखवून सांगितले. जहाजावर विमान उतरते तेव्हा त्याला धावपट्टी मिळते ती बोटीच्या पाठीवर मावेल एवढीच. जरा चुकले की समुद्रात. म्हणून विमाने उडू-उतरू लागण्याच्या आधी चेतक उठते आणि जहाजाच्या मागे, डाव्या अंगाला, हवेत नुसते उभे राहते. विमान पडले तर वैमानिकाला क्षणात उचलायचे. न पडले तर काही करायचे नाही. नौदलात या तुकडीला 'एंजल्स' म्हणत, देवदूत. काका म्हणाले, "सगळं ठीक झालं की आमचं काम काय, तर काही नाही झालं. वहीत काय लिहिणार? विमानं गेली, विमानं आली."

मला वाटते, श्रोतेहो, हलक्या हेलिकॉप्टरच्या इतिहासातली अडचण त्यांनी या एका वाक्यात सांगितली. लढाऊ विमानाने बाँब टाकला तर त्याचा खड्डा राहतो. चेतकाने माणूस उचलला तर समुद्रावर काहीच उरत नाही. १९७१ च्या डिसेंबरात विक्रांतवरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, ते प्रत्येक पुस्तकात आहे. त्या प्रत्येक खेपेला चेतक पाठीशी उभे होते, ते एखाद्या ओळीत असले तर असते.

काकांनी आणखी सांगितले. खाऱ्या वाऱ्यातून यंत्र परत आले की ते आधी गोड्या पाण्याने धुवायचे, कितीही रात्र झाली तरी, कारण मीठ पत्रा खाते. जहाजाच्या पोटात न्यायचे तर पाती मागे दुमडायची आणि चाके साखळ्यांनी जखडायची, नाहीतर जहाज डुलले की यंत्र घसरणार. "इंजिन बोलतं, मास्तर," ते म्हणाले. "त्याचं बोलणं बदललं की पायलटाच्या आधी आमच्या कानाला कळायचं." आणि मग आत जाऊन त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक वही आणली. खिशात मावेल एवढी, काळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात पानोपान बारीक अक्षरात लिहिलेले: काही शिसपेन्सिलीने, काही शाईने. तारखा, यंत्रांचे क्रमांक, नटबोल्ट किती आवळायचे त्याची मापे, आणि कुणाला घेऊन कोण कुठे गेले ते. माझ्या धंद्यात याला अस्सल साधन म्हणतात. ते माझ्या हातात होते.

मी काय केले? म्हणालो, "काका, मेमध्ये सुट्टी लागली की येतो. सगळं उतरवून घेतो, तुमचा आवाजही घेतो." मेमध्ये परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या. मग पाऊस आला.

२७ जुलै २०१९ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरणार नाही. उल्हासला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान, आमच्यापासून एका स्टेशनावर, पाण्यात उभी राहिली. हजारावर प्रवासी होते, त्यांना होड्यांनी बाहेर काढले. रेल्वेचे वृत्त साऱ्या देशाने पाहिले. नदीपलीकडच्या वाडीत काकांच्या घरात गुडघाभर पाणी शिरले, ते कुणी पाहिले नाही. पेटी पलंगाखाली होती.

आठवड्याने गेलो तेव्हा वही पेटीच्या झाकणावर वाळत घातली होती. शाईचे सगळे लिहिणे पसरून निळे ढग झाले होते. शिसपेन्सिलीचे मात्र जसेच्या तसे. आता काकांनी मापे आणि क्रमांक लिहिले होते पेन्सिलीने, कारण ते काम करता करता टिपायचे असत. माणसांची नावे रात्री निवांत बसून शाईने. तेव्हा यंत्राविषयीचे सारे राहिले आणि माणसांची नावे गेली. काकांना आठवणीतून काही नावे सांगता आली, पण वर्षे मागेपुढे होऊ लागली. कोण विक्रांतवर होते आणि कोण गोव्याला, यात ते अडकत. मी जे मिळाले ते लिहून घेतले. पुढच्या वर्षी ते गेले. ती नावे मी इथे वाचून दाखवत नाही. ज्यांची आहेत त्यांच्या घरांचा शोध चालू आहे, आणि आधी त्यांना विचारायला हवे.

यात पुराला दोष देऊन मला मोकळे होता येणार नाही. वही दिवाळीच्या सुट्टीत पाहिली होती, पूर जुलैत आला. मधले महिने माझे होते.

एका वहीचे हे झाले. मोठ्या वस्तूंची गत फार वेगळी नाही. खुद्द विक्रांत पाहा. १९६१ मध्ये आपल्या नौदलात आलेले जहाज १९९७ मध्ये निवृत्त झाले. मग मुंबईत त्याचे संग्रहालय केले. अनेक शाळांच्या सहली तिथे जात. आपल्यापैकीही काहींनी पाहिले असेल. २०१२ मध्ये ते धोकादायक ठरून बंद झाले, २०१४ मध्ये लिलावात विकले आणि दारूखान्यात तोडले. त्याच्या पोलादातून एका कंपनीने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली. आमच्या बाजारात भाजीची पिशवी लावून ती फिरताना मी पाहिली आहे. पोलाद वाया गेले नाही हे खरेच, आणि टीका करणे सोपे असते. एवढे प्रचंड जहाज समुद्रात सांभाळायला पैसा लागतो हेही मान्य. पण ज्या पाठीवरून चेतक उठत असे ती जागा आता कुठल्याही मुलाला दाखवता येणार नाही.

गोव्यात मात्र बरे चित्र आहे. वास्कोजवळ नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले, तिथे चेतक उभे आहे. शाळेची सहल गोव्याला नेणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती, एक तास समुद्रकिनाऱ्यातून काढून तिथे द्या. मुले त्याच्या काचेच्या गोल तोंडाशी उभी राहतील, आत डोकावतील आणि बहुतेक तोच प्रश्न विचारतील, यावर कोण बसायचे? २ एप्रिल २०२२ रोजी हवाई दलाने हैदराबादजवळच्या हकीमपेटला चेतकाच्या साठ वर्षांच्या सेवेचा सोहळा केला, जुने-नवे वैमानिक एकत्र आले. असे मेळावे व्हावेत. तिथे हाराबरोबर एखादी कोरी वहीही फिरवली तर किती बरे!

आपल्या महाराष्ट्राचा या यंत्राशी संबंध केवळ मुंबईपुरता नाही. नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांची शाळा २००३ पासून आहे, आणि कितीतरी तरुण अधिकारी चीता आणि चेतकावरच हात बसवून तिथून बाहेर पडले. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून उत्तीर्ण झाल्या. स्त्रियांचा विषय निघालाच म्हणून सांगतो. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघींनी चीता चालवले. २०२० मध्ये एकीवर चित्रपट निघाला, तेव्हा एकीचे नाव घरोघर गेले, आणि दुसरीला आपली हकीकत स्वतः मांडून चित्रपटातल्या काही गोष्टींना हरकत घ्यावी लागली. चित्रपट कोण काढतो त्यावर इतिहास ठरू लागला तर आम्ही वर्गात काय शिकवायचे?

आपल्या रायगड जिल्ह्यातच पाहा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. दुसऱ्या दिवशी नदीवरून खाडीपर्यंत शोध घेणाऱ्यांत तटरक्षक दलाचे चेतक होते. पावसाळी ढग खाली आलेले, नदी लाल, आणि खाली तीरावर नातेवाईक उभे. १७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळ मंगलम नावाचे जहाज बुडू लागले. दमणहून तटरक्षक दलाची चेतके आली, दिघीहून त्यांचे जहाज आले, आणि सोळाच्या सोळा खलाशी वाचवले. वाचलेल्यांचा आकडा आपल्या लक्षात राहतो. दोरीला लोंबणाऱ्या माणसाचे वजन उजव्या-डाव्या हाताने तोलत, जूनच्या वाऱ्यात यंत्र एका जागी धरून ठेवणारा कोण होता, हे रेवदंड्याच्या शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवे की नको?

आणि जी उड्डाणे झाली नाहीत तीही लिहायला हवीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता. मुंबईत हेलिकॉप्टरे तयार ठेवली होती, पण पाऊस आणि ढगांमुळे ती उडू शकली नाहीत. माणसे पाठीवर सामान घेऊन, चिखलात पाय रोवत चढली आणि हातांनी माती उपसली. यंत्राचा इतिहास लिहिताना त्याचा पराक्रम तेवढा लिहिला आणि त्याची हद्द लिहिली नाही, तर तो इतिहास नव्हे, ते स्तोत्र झाले. तसेच, ही यंत्रे म्हातारी झाली आहेत, त्यांचे अपघात झाले, वैमानिक गेले. २०१४-१५ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन, ही जुनी हेलिकॉप्टरे आता थांबवा, अशी जाहीर मागणी केली होती. त्या मागणीचा कागदही या इतिहासाचाच कागद आहे. कौतुकाच्या भरात तो गाळू नये.

कुणी म्हणेल, हे सरकारचे काम. आहेच. जून २०२१ मध्ये संरक्षण खात्याने धोरण ठरवले की युद्धांचे आणि मोहिमांचे कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले करावेत आणि जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत. चांगले आहे. पण त्या कागदांत उड्डाणाची वेळ असेल, तेलाचा हिशेब असेल. गोड्या पाण्याने यंत्र धुताना रात्री किती वाजले होते आणि इंजिनाचे बोलणे बदलले म्हणजे कानाला काय ऐकू येते, हे त्यात मिळायचे नाही. ते आपल्या वाड्यांतल्या ओटीवर बसले आहे.

म्हणून गुरुजनांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्या पंचक्रोशीत सैन्यातून आलेले कोण आहेत हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा गावच्या माजी सैनिकांच्या संघटनेत विचारले तर कळते. एकदम "शौर्यकथा सांगा" म्हणू नका. तसे म्हटले की माणूस गप्प होतो, नाहीतर भाषण करतो. रोजचे काम विचारा. सकाळी उठून पहिल्याने काय करायचात? हातात कुठले हत्यार असे? सोबत कोण होते? भीती कधी वाटली? वैमानिकच शोधायला हवा असे नाही. एका वैमानिकामागे जमिनीवर चार-पाच माणसे राबतात, आणि आपल्या गावांत भेटतील ती बहुधा हीच. जे आजही गुप्त ठेवायचे ते ते सांगणार नाहीत, आपणही खोदून विचारू नये. वैमानिक भेटलाच तर त्याच्याकडे उड्डाणांची नोंदवही असते. ती मागून नेऊ नका, तिथेच बसून उतरवून घ्या किंवा तिची छायाचित्रे काढा. आज मुलांच्या खिशात फोन आहे, आवाज घ्यायला यंत्र आणायला नको. मात्र फोनमधला आवाज फोनबरोबरच जातो, तेव्हा त्याच आठवड्यात तो कागदावर उतरवा, आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवा. चुका तोच दुरुस्त करील. जुन्या फोटोवर कोण कोण आहेत ते मागच्या बाजूला लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, आज, सांगणारा समोर आहे तोवर.

आणि लिहायचे ते शिसपेन्सिलीने. पेटी पलंगाखाली नको, माळ्यावर ठेवा. २०१९ च्या पुरातही काकांच्या घराच्या माळ्यापर्यंत पाणी गेले नव्हते. तिथे ठेवलेले बियाण्याचे भात कोरडे राहिले होते.